शाळेच्या वाटेची वहिवाट

उर्वरित महाराष्ट्रातील शाळा सुरू होऊन दहा-पंधरा दिवस लोटलेले असतात आणि मृगाच्या सरींनी वऱ्हाडची तापलेली काळी भूमी थोडीफार निवालेली असते, अशा जूनअखेरच्या एखाद्या दिवशी अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतील शाळांचे दरवाजे उघडतात. आणि त्याच घटकेला प्रत्येक मोठ्या शाळेपुढील रस्ता दुचाकी, ऑटो, व्हॅन आणि मोटारी यांच्या दाटीने असा कोंडून जातो की, ज्या थोड्या मुलांची घरे हाकेच्या अंतरावर आहेत आणि जी पायीच आलेली असतात, त्यांना फाटकापर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनांच्या धुरातून आणि हँडलांच्या मधून अंग चोरत वाट काढावी लागते. रस्त्यावर वाहने फार झाली म्हणून मुलाला पायी पाठवण्याचा धीर होत नाही, असे या गर्दीतील कोणताही पालक सांगेल, आणि ते सांगताना तो खोटे बोलत नसतो. परंतु शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या त्या अर्ध्या तासात ज्या वाहनांचे भय त्याला वाटते, ती वाहने बहुतांशी त्याच्यासारख्याच पालकांची असतात. प्रत्येकाने आपल्या लेकराच्या रक्षणासाठी एक वाहन रस्त्यावर आणावे आणि त्या सर्व वाहनांनी मिळून सर्वांचीच लेकरे संकटात घालावीत, असा हा व्यवहार आहे. तो कोणा एकाने मोडू म्हटल्याने मोडणारा नाही. तो चार घरांनी मिळूनच मोडता येईल.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, घरापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत शाळा असलेल्या मुलांनी पायी जावे, आणि त्यांनी एकट्याने किंवा केवळ आपापल्या आईबापाचे बोट धरून न जाता, गल्लीतील पाच-सहा घरांनी एकत्र येऊन, पाळीपाळीने दोघा वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या वाटेने जावे. ही सूचना ऐकून अमरावतीच्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले होते, "आता कोन पायी जाते शायेत?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे: महानगरपालिकेच्या शाळांतील मुले जातात, जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुले जातात, ज्यांच्या घरी वाहन नाही अशा सर्व घरांतील मुले आजही रोज पायी शाळेत जातात. पायी जाण्याची रीत नष्ट झालेली नाही. ती केवळ गरिबांच्या वाट्याला उरली आहे, आणि शाळेच्या वाटेची जी दुर्दशा सांप्रत आपण पाहतो तिचे मूळ, माझ्या मते, येथेच आहे. त्याकडे मी पुढे येईन.

वऱ्हाडच्या माणसाला चालणे शिकवावे लागत नाही. वर्धा नदीच्या काठी वसलेल्या कौंडण्यपुराहून, रुक्मिणीच्या त्या माहेराहून, पंढरीला जाणारी पालखी चार शतकांहून अधिक जुनी मानली जाते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी अकोल्यात मुक्कामाला येते तेव्हा तिच्या दर्शनासाठी अवघे शहर रस्त्यावर उतरते. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी खांद्यावरील कावडीतून अकोल्याच्या राजराजेश्वराच्या मंदिरात आणण्यासाठी हजारो तरुण रात्रभर अनवाणी चालतात. नवरात्रात पहाटेच्या अंधारात अंबादेवीच्या दर्शनाला पायी निघालेल्या स्त्रियांनी अमरावतीचे रस्ते भरून जातात. याच जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट केली, आणि कीर्तनाला उभे राहण्याआधी हातातील खराट्याने त्या गावाची वाट झाडून काढली. तुकडोजी महाराजांनी खेड्यापाड्यांतून पहाटेची रामधून काढली, तीही गावातून पायी हिंडणारीच होती. स्वातंत्र्याच्या चळवळीतून आलेली प्रभातफेरी तर प्रत्येक शाळेने १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवसांपुरती का होईना, पण जतन केली आहे. त्या दोन सकाळी तीच मुले, त्याच रस्त्यांवरून, रांगेने, शिक्षकांच्या देखरेखीखाली सुखरूप चालतात आणि त्यांच्यासाठी वाहने थांबतात. वर्षातून दोन दिवस जे सुखाने साधते ते उरलेल्या दिवशी का साधू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

यातील दिंडीची रचना मला विशेष विचारार्ह वाटते. दिंडी म्हणजे माणसांचा लोंढा नव्हे. तीत कोणी कोठे चालावे हे ठरलेले असते, पुढे पताकाधारी असतात, मागे विणेकरी असतो, चोपदाराच्या इशाऱ्यासरशी सर्व थांबतात आणि सर्व चालू लागतात, आणि वाटेत कोणाचा मुक्काम कोणाकडे हे वर्षानुवर्षे मुक्रर असते. लहान मुलांच्या शाळेच्या वाटेला याहून निराळे काय हवे आहे? एक वडीलधारा पुढे, एक मागे, मध्ये दोघादोघांच्या जोड्यांनी मुले. गल्लीच्या तोंडाशी, देवळापाशी, पाण्याच्या टाकीपाशी अशी थांबण्याची तीन-चार ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणची वेळ ठरलेली. उशीर करणाऱ्या घरासाठी दोन मिनिटांहून अधिक न थांबण्याचा नियम. आणि शाळेच्या फाटकाशी पोहोचल्यावर मुलांची मोजदाद. जपानातील प्राथमिक शाळांची मुले पिढ्यान्‌पिढ्या अशीच जातात: एका वस्तीतील मुले ठरलेल्या ठिकाणी जमतात, वरच्या वर्गातील एक मुलगा किंवा मुलगी त्यांचा पुढारी होते, रांग लागते आणि चौकाचौकांत वस्तीतील वृद्ध माणसे हातात निशाण घेऊन उभी असतात. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंग्विक्ट यांनी १९९० च्या दशकात या कल्पनेला 'चालती शाळा-बस' असे नाव दिले आणि पाश्चात्य शहरांनी ती उचलली. इटलीतील लेक्को या गावाने २००३ पासून ठरावीक वाटांवर पालक आणि स्वयंसेवक यांच्या सोबतीने मुलांना शाळेत नेण्याची व्यवस्था चालवली. जी युक्ती दूरदेशीच्या लोकांना नव्याने योजावी लागली, तिचा सांगाडा आपल्याकडे आषाढी-कार्तिकीच्या निमित्ताने तयारच आहे.

या व्यवस्थेतील खरा लाभ कोणाला, तर तो प्रथम आईला. सकाळी एक खेप, दुपारी एक खेप, लहान मुलाची शाळा निराळ्या वेळी सुटत असल्यास तिसरी खेप, अशी धावपळ करणाऱ्या स्त्रिया प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यांची नोकरी, त्यांचे घरकाम, त्यांची घडीभराची विश्रांती या खेपांभोवती बांधलेली असते, आणि या श्रमाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पाच घरांनी पाच वार वाटून घेतले तर प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्यातून एकच दिवस येतो आणि चार दिवस मोकळे होतात. यात बापाने आपली पाळी बायकोवर ढकलू नये, एवढी अट मात्र मी आग्रहाने घालीन. कचेरीला अकरा वाजता जाणाऱ्या गृहस्थाला आठवड्यातून एक दिवस अर्धा तास लेकरांबरोबर चालणे अशक्य आहे, हे मी मान्य करणार नाही. अमरावतीत मालटेकडीवर आणि वडाळीच्या तलावाकाठी रोज पहाटे फेऱ्या घालणाऱ्या निवृत्त मंडळींची संख्या थोडी नाही. त्यांनी त्याच फेरीचा शेवटचा टप्पा नातवंडांच्या शाळेपर्यंत वाढवला, तर त्यांचा व्यायामही होईल आणि वस्तीला भरवशाची सोबतही मिळेल.

ऑटो आणि व्हॅन चालवणाऱ्यांच्या पोटावर पाय आणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. चार-पाच किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलांना त्यांच्यावाचून गत्यंतर नाही, आणि तीच मुले परवान्यात बसतील तितक्याच संख्येने, दप्तरे बाहेर न लोंबता, सुखरूप नेली जावीत यासाठी राज्याने २०११ साली शाळा-बसगाड्यांचे स्वतंत्र नियम केले आहेत. परंतु ज्यांचे घर शाळेपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे, त्यांनीही वाहनच धरावे, ही रीत जवळच्यांच्या आणि दूरच्यांच्या, दोघांच्याही गैरसोयीची आहे. लांबून येणाऱ्यांनाही या चालीत भाग घेता येतो. शाळेपासून अर्धा-पाऊण किलोमीटर अलीकडे, एखाद्या मैदानाशी किंवा मंगल कार्यालयाच्या मोकळ्या आवारापाशी मुलांना उतरवून तेथून रांगेने नेले, तरी शाळेपुढील कोंडी पुष्कळ अंशी सुटेल.

मुले इतकी दूरची झाली कशी, याचाही विचार केला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाने आणि त्याखाली महाराष्ट्राने २०११ साली केलेल्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असण्याचे बंधन शासनावर घातले. म्हणजे लहान मुलाची शाळा त्याच्या पायांच्या आवाक्यात असावी, हे तत्त्व कायद्यानेच मान्य केले. आपण पालकांनी मात्र गल्लीतील शाळेकडे पाठ फिरवून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इंग्रजी शाळेची वाट धरली, आणि ती शाळा खरोखर अधिक चांगली आहे किंवा नाही, याची रुजुवात क्वचितच केली. ज्या शाळेतून मूल दमून, धुळीने माखून, तास-दीड तास व्हॅनमध्ये कोंबले जाऊन परत येते, तिच्या श्रेष्ठपणात हा तास-दीड तास वजा करून पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. शाळा निवडताना फी, माध्यम आणि निकाल यांच्याबरोबर 'येथे माझे मूल चालत जाईल का' हाही प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी. शाळेत जाण्यायेण्याचे तीस-चाळीस मिनिटांचे झपाझप चालणे त्यातील अर्ध्याहून अधिक भाग उचलते, आणि त्यासाठी कोणती फी भरावी लागत नाही. ज्या अमरावतीने १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली आणि ज्या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली, त्या शहरात शरीरसंवर्धनाचे महत्त्व नव्याने पटवण्याची गरज नसावी. परंतु आरोग्यापेक्षाही मला अधिक मोलाचे वाटते ते असे की, पायी जाणारे मूल आपले गाव ओळखते. अमरावतीच्या परकोटाच्या आत बुधवाऱ्यात वाढणाऱ्या मुलाने जवाहर गेटमधून रोज बाहेर पडावे आणि ही भिंत पेंढाऱ्यांच्या भयाने, निजामाच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली, हे सोबतच्या आजोबांकडून ऐकावे. अकोल्याच्या जुन्या शहरातील मुलाने मोर्णेवरील पुलाच्या कठड्याशी क्षणभर थांबून पाणी किती चढले ते पाहावे. कोणत्या घरी चिंचेचे झाड आहे, कोणता दुकानदार विचारपूस करतो, कोठे खड्डा आहे, कोठल्या वळणावर गाड्या वेगाने येतात, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळावे. व्हॅनच्या मागच्या बाकावर पाठीला पाठ लावून बसलेल्या मुलाला घर आणि शाळा यांच्यामधील गाव कधी भेटतच नाही. आणि रस्ता ओलांडण्याची समज, वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अदमास, हा रस्त्यावर चालूनच येतो. पंधराव्या वर्षापर्यंत ज्याने एकही चौक स्वतः ओलांडला नाही, तोच मुलगा सोळाव्या वर्षी परवान्यावाचून शिकवणीला दुचाकी नेतो. त्या गुन्ह्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे, हे किती घरांत ठाऊक आहे?

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत खरा आक्षेप उन्हाचा आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या माणसाने हसण्यावारी न्यावा इतका हलका नाही. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि एप्रिलमध्येही दुपारी बाराच्या सुमारास शाळा सुटल्यावर लहान मुलाला उघड्या डांबरावरून चालवणे हा अविचार ठरेल. परंतु वऱ्हाडातील शाळांचे वेळापत्रक पाहा: उन्हाळी सुटी इतरांहून लांब, शाळा उशिरा उघडणार, आणि उन्हे तापू लागताच सकाळची शाळा. जूनअखेर ते फेब्रुवारीअखेर या आठ महिन्यांत उन्हाचा आक्षेप फारसा टिकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी पायी जावे आणि परतताना वाहन घ्यावे, यात कोणाची प्रतिज्ञा मोडत नाही. पुढचा उपाय कडूनिंबाचा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास, इतर अनेक झाडे ओकीबोकी असताना, कडूनिंब नवी पालवी धरतो आणि ऐन उन्हाळ्यात दाट सावली देतो. या झाडाला आपली काळी माती मानवते आणि थोडे पाणी पुरते. शाळांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दोहो बाजूंना ही झाडे लावण्याची आणि तीन वर्षे जगवण्याची तजवीज दोन्ही महानगरपालिकांनी केली, तर आज पहिलीत असलेले मूल दहावीला जाईपर्यंत त्या सावलीतून चालू लागेल.

पावसाचा आक्षेप वस्तुतः मातीचा आक्षेप आहे. आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेला रस्ता पाया नीट नसेल तर दोन पावसाळ्यांत उखडतो, आणि कडेची पट्टी मोकळी राहिली तर तेथे असा गारा होतो की चपला रुतून बसतात. मुलाला छत्री आणि रेनकोट देता येतो. परंतु गाऱ्यावर त्याच्या आईबापाचा इलाज चालत नाही. मोकाट कुत्र्यांचे भयही खरे आहे, आणि एकट्या मुलाला ते अधिक आहे. दहा-बारा मुलांच्या घोळक्याला, पुढेमागे मोठी माणसे असताना, ते पुष्कळ कमी होते. मुलींच्या सुरक्षिततेविषयी तर मला असे निश्चित वाटते की, रोज ठरलेल्या वेळी ज्या रस्त्याने वस्तीतील बायापुरुष मुलांना घेऊन चालतात, त्या रस्त्यावर टवाळखोरांना उभे राहण्याची सोय राहत नाही. दप्तराचे ओझे हा आणखी एक अडथळा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून दप्तर जड नसावे, असा शासनाचा हुकूम २०१५ पासून आहे, आणि पालकसभेत तराजू मांडून त्याची अंमलबजावणी तपासण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

मुख्य गोष्ट आहे ती चालण्याच्या जागेची. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते, असे केंद्र शासनाचाच अहवाल सांगतो. ही संख्या डोळ्यांपुढे असताना पालकांना 'चालत जा' असे सांगणाऱ्याने पालिकेकडे 'चालण्यास जागा द्या' असे त्याच दमात सांगितले पाहिजे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पदपथांचा वापर करण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. पदपथाची अडथळ्यावाचूनची रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे हक्क निश्चित आहे, मापही निश्चित आहे. कामाची ताकद नाही म्हणावे, तर जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एकपदरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीजच्या पुस्तकात झाली. उन्हाच्या कडाक्यात राबणाऱ्या मजुरांचा आणि अभियंत्यांचा तो पराक्रम सर्व वऱ्हाडाला भूषणावह आहे. ज्या मुलखात इतके डांबर इतक्या वेगाने पडू शकते, त्या मुलखात प्रत्येक शाळेच्या फाटकापासून दोहो बाजूंना पाचशे मीटर पदपथ, दोन ठळक पट्ट्यांचे ओलांडण्याचे ठिकाण आणि वेग आवरणारे गतिरोधक एका उन्हाळी सुटीत होऊ शकतात. मनात आणले तर होऊ शकतात.

मग ते होत का नाहीत? येथे मला शेतरस्त्यांच्या तंट्यांची आठवण होते. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क जमीन महसूल अधिनियमाच्या १४३ व्या कलमाखाली तहसीलदाराकडे मागता येतो, आणि अशा तंट्यांत पूर्वीची वहिवाट कोणती होती, ही चौकशी महत्त्वाची असते. पांदण अडवली गेली की वापरणारे सर्व शेतकरी मिळून कचेरीत जातात. वापरणाराच उरला नाही तर ती पांदण हळूहळू कोणाच्या तरी शेतात जिरून जाते. शहरातील पदपथाची गत याहून वेगळी नाही. आज जे चालतात त्या मुलांच्या आईबापांना मजुरीचा दिवस बुडवून पालिकेच्या पायऱ्या चढता येत नाहीत, आणि ज्यांचा अर्ज साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचतो ते स्वतः चालत नाहीत, म्हणून त्यांच्या अर्जांत पार्किंगची जागा आणि रस्त्याची रुंदी मागितलेली असते. परिणामी पदपथावर आधी फलक येतो, मग जनित्र, मग दुचाकींची रांग, आणि कोणाचीही हरकत येत नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, व्यापारी यांची मुले आणि पालिकेच्या शाळेत जाणारी मुले ज्या दिवशी एकाच रांगेने त्या रस्त्यावरून चालू लागतील, त्या दिवसापासून अडलेला पदपथ ही सर्वांची तक्रार होईल आणि तिची दखल घ्यावी लागेल. पायी जाण्याचा आग्रह मी धरतो तो मुख्यतः याच कारणासाठी. सुखवस्तू पालकाने आपले मूल पायी नेणे हे त्याच्या मुलाच्या हिताचे आहेच; त्याहून अधिक ते शेजारच्या झोपडपट्टीतील मुलाच्या हिताचे आहे, कारण त्या मुलाला पायी जाण्यावाचून पर्याय नाही.

शहरांविषयी हे झाले. खेड्यांत प्रश्नाचे रूप पालटते. तेथे रहदारी थोडी आहे आणि मुले अजून चालतात, परंतु शाळाच दूर जाण्याचे भय आहे. २०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. अशी एखादी शाळा गावातून उठली की सहा-सात वर्षांच्या मुलाची चालण्याची वाट कायमची बंद होते, आणि नाल्याला पूर आला की वाहनाचीही बंद होते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील मुलींना मिळालेल्या सायकली आणि एसटीच्या निळ्या गाड्या यांनी आठवीपुढील मुलींचे शिक्षण टिकवले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु पहिली-दुसरीच्या लेकराला सायकल देऊन भागणार नाही. त्याची शाळा त्याच्या गावातच हवी, आणि पटसंख्येचा हिशेब मांडणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या लेकराच्या पावलांचाही हिशेब मांडावा.

अमरावती आणि अकोला महानगरपालिकांच्या आयुक्तांना माझी विनंती आहे की, येत्या उन्हाळी सुटीत आपल्या हद्दीतील दहा-दहा शाळा निवडून त्यांच्या फाटकांपुढील पाचशे मीटरचा पदपथ मोकळा आणि सलग करावा, आणि वाहतूक पोलिसांच्या मदतीने शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी फाटकापुढील शंभर मीटरमध्ये वाहन उभे करण्यास मनाई करावी. मुख्याध्यापकांना विनंती की, पहिल्याच पालकसभेत गल्लीनिहाय यादी फळ्यावर लावून कोणाचे घर कोणाच्या वाटेवर आहे हे पालकांना दाखवावे. आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणे एवढेच आहे की, पालिकेची वाट पाहत न बसता आज संध्याकाळी शेजारच्या चार घरी जाऊन बोला, सोमवार ते शुक्रवार कोणाची पाळी कोणत्या दिवशी ते कागदावर लिहून घ्या, रविवारी सकाळी मुलांना बरोबर घेऊन ती वाट एकदा चालून पाहा, आणि वाटेत जेथे जेथे अडथळा लागेल त्याची नोंद करून सर्वांच्या सह्यांनिशी तो अर्ज पालिकेच्या आवक-जावक विभागात देऊन त्याची पोच घ्या.